दवाखान्याचं बिल भरलं म्हणून हिशेब मिटत नाही

भोसरीहून एका ताईंनी लिहिलेल्या पत्राचा सारांश:

"माझे पती 30 वर्षांचे आहेत. एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर ऑपरेटर होते. ऑगस्ट 2025 मध्ये रात्रपाळीत प्रेस बसली आणि उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची तीन बोटं मुळापासून गेली. पगार 14,000. त्यातले 10,000 बँकेत यायचे, 4,000 हातात मिळायचे. शेठनी दवाखान्याचं 1,40,000 चं बिल भरलं, दोनदा घरी धान्यही पाठवलं. आता म्हणतात, 2 लाख देतो, 500 च्या बॉन्डपेपरवर 'यापुढे आमचा कसलाही हक्क नाही' असं लिहून द्या, मग वॉचमन म्हणून कामावरही ठेवतो. पती म्हणतात, चूक माझीच, मीच हात आत घातला. प्रेसचं गार्ड सुपरवायझरने दोन महिन्यांपूर्वीच काढून ठेवलं होतं, पीस लवकर निघत नाहीत म्हणून. ज्यांनी नोकरीला लावलं ते मामेसासरे म्हणतात, शेठ देवमाणूस आहे, कोर्टाची भाषा काढलीत तर आपल्या गावच्या पोरांना इथे कुणी उभं करणार नाही. दोन मुलं आहेत, तीन महिन्यांचं खोलीभाडं थकलंय. सही करावी का?"

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यात 'शेठ' अकरा वेळा आलेत आणि 'चूक' पाच वेळा. 'हक्क' हा शब्द एकदाच आलाय, तोही बॉन्डपेपरवरच्या मजकुरात, सोडून देण्यासाठी. म्हणून सहीचं नंतर बोलू. आधी या चुकीचं बघू.

पायाच्या पेडलवर चालणाऱ्या प्रेसवर ज्यांनी काम केलंय त्यांना ठाऊक असतं: पीस डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायचा, पेडल मारायचं, पीस काढायचा, पुन्हा ठेवायचा. एका पाळीत हजारो वेळा. हात आत घातल्याशिवाय हे कामच होत नाही. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक बसू नये, किंवा हात मध्ये आला की सेन्सरने मशीन थांबावं, अशी सोय याच मशीनवर करता येते. ती केलेली नव्हती आणि होतं ते गार्डही काढलेलं होतं. असं असताना पहाटे एखाद्या स्ट्रोकला हात मागे यायला उशीर झाला, तर चूक कुणाची? तुमच्या यजमानांना अजूनही ती स्वतःची वाटते. बोटं गेलेले बहुतेक ऑपरेटर माझ्यासमोर बसून हेच म्हणतात, आणि ते ऐकताना मला दर वेळी वाईट वाटतं.

पण समजा, थोडी बेफिकिरी त्यांचीही होती. तरी हक्क जात नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा, म्हणजे शंभर वर्षांहून जुना, आणि तो उभाच आहे एका गोष्टीवर: कामामुळे आणि काम चालू असताना अपघाताने इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यायची. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगाराच्या साध्या निष्काळजीपणाने भरपाई कमीही होत नाही. मालकाला सुटायला वाटा मोजक्याच आहेत. कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता, त्याने सुरक्षेचा स्पष्ट दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा गार्डसारखं सुरक्षेचं साधन स्वतः मुद्दाम काढलं, तर. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर याही वाटा बंद होतात.

म्हणून तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य गार्डचं आहे. ते सुपरवायझरने काढलं, हे कोण सांगू शकेल? तेव्हाचा मशीनचा एखादा फोटो, व्हिडिओ कुणाच्या मोबाइलमध्ये आहे का? आजच विचारा. अपघातानंतर गार्डं फार लवकर परत बसतात.

आता उपकाराचं. शेठनी बिल भरलं, धान्य पाठवलं. त्यांच्या मनात कणव नव्हती, असं मी म्हणणार नाही. अपघातानंतर फोन बंद करून बसणारे मालकही मी पाहिलेत. पण 2009 च्या दुरुस्तीनंतर कामावरच्या इजेच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच द्यायचा असं कायदा सांगतो, आणि तो भरपाईतून वळता करता येत नाही. तेव्हा 'बिलाचे 1,40,000 आणि वर 2 लाख, म्हणजे 3,40,000 झाले की' असा हिशेब कुणी घातला तर तो मान्य करू नका. बिल वेगळं, भरपाई वेगळी. धान्य शेठनी मनाने दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार जरूर माना.

मग भरपाई किती? गणित सोपं आहे, कागदावर करून बघा. महिन्याच्या पगाराचे 60 टक्के घ्यायचे. त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. वय 30 असेल तर हा गुणक 207.98. आलेली रक्कम माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर मिळते. अंशतः निकामी झाला असेल, तर कायद्याला जोडलेल्या तक्त्यातली टक्केवारी लावायची. एका हाताची तीन बोटं गेली तर तक्ता 30 टक्के धरतो, दोन गेली तर 20, चारही गेली तर 50. पगार कितीही असला तरी या हिशेबात महिना 15,000 च्या वर धरत नाहीत. ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची, त्याआधी ती 8,000 होती.

तुमच्या बाबतीत 14,000 चे 60 टक्के 8,400. गुणिले 207.98 म्हणजे 17,47,032. त्याचे 30 टक्के 5,24,109 रुपये. शेठ देऊ करतायत 2 लाख.

इथे एक मेख आहे. बँकेत येणारे 10,000 च धरले, तर हाच आकडा 3,74,364 होतो. हातात मिळणाऱ्या 4,000 रुपयांची नोंद कुठे नाही म्हणून तुमचे जवळपास दीड लाख जातात. त्यामुळे पगाराचा पुरावा गोळा करा. रोख पगाराची वही, शेठचे किंवा सुपरवायझरचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, ओव्हरटाइमचं टिपण, बरोबरीच्या कामगारांचे जबाब, काहीही चालतं. अमुक एकच कागद हवा असं नाही. आणि काहीच मिळालं नाही, तरी कमीत कमी आकडासुद्धा शेठच्या आकड्याच्या दुपटीजवळ जातो, हे लक्षात ठेवा.

ही 30 टक्क्यांची भिंतही अगदी पक्की नाही. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ती अंशतः हानी. न्यायालयाने म्हटलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणजे हा माणूस त्याच्या धंद्यापुरता पूर्णच निकामी झाला. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरलेल्या प्रेस ऑपरेटरबद्दल इतकंच म्हणता येईल असा शब्द मी देत नाही, पण हा मुद्दा मांडायलाच हवा. त्यासाठी डॉक्टरांच्या दाखल्यात एक बारकावा बघा. सरकारी दवाखान्यातल्या दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी शरीराची असते. आपल्याला हवी ती कमाईची क्षमता किती गेली याची. 'प्रेसचं काम पुन्हा करता येईल का?' हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता बॉन्डपेपर. आपल्याकडे स्टॅम्पपेपरचा एक दरारा आहे. 500 रुपयांच्या कागदावर लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ, असं लोकांना वाटतं. या कायद्यापुढे ती रेघ पुसली जाते. भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार, अपघाताआधी केलेला असो की नंतर, कायद्याच्या 17 व्या कलमाने रद्दबातल आहे.

याचा अर्थ तडजोड करायचीच नाही असा नाही. तडजोड करता येते, आणि कित्येकदा करावीही. फक्त तिची जागा ठरलेली आहे. रकमेवर दोघांचं जमलं की मालकाने त्या कराराचं टिपण नुकसानभरपाई आयुक्तांकडे, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, नोंदणीसाठी पाठवायचं. पुण्यात हे काम कामगार न्यायालयात चालतं. रक्कम फार कमी आहे, किंवा फसवून, दबावाखाली सही घेतली आहे असं वाटलं, तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. आणि मालकाने नोंदच केली नाही तर? मग 29 वं कलम त्याच्यावर उलटतं. त्याला कायद्याप्रमाणे पूर्ण भरपाई द्यावी लागते, आणि आधी दिलेल्या रकमेतली अर्ध्याहून जास्त वजा करता येत नाही, आयुक्तांनी वेगळं काही सांगितलं नाही तर. थोडक्यात, नोंद न करता दिलेल्या 2 लाखांतले 1 लाख शेठना पुन्हा मोजावे लागू शकतात. घरात बसून केलेला बॉन्डपेपर शेठच्याच अंगाशी येऊ शकतो, हे बहुतेक मालकांना माहीतच नसतं. त्यांना ते सांगा, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून. शांतपणे सांगितलेलं मालक ऐकतातही.

दुसरी गोष्ट त्यांना विचारा: अपघाताची विमा पॉलिसी आहे का? वर्कशॉपवाले तिला 'डब्ल्यूसी पॉलिसी' म्हणतात. असेल तर भरपाई शेठच्या खिशातून जातच नाही, विमा कंपनी देते, पॉलिसीत वगळलं नसेल तर व्याजासकट. दंड बसला तर तेवढाच मालकाचा. 'शेठचं नुकसान होईल' म्हणून कमी घ्यायला तयार होणारे कामगार मी पाहिलेत. त्यांनी ज्याच्यावर दया केली ती शेवटी विमा कंपनी निघाली.

व्याजाचं निघालंच आहे तर सांगते. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के साधं व्याज, आणि सबळ कारण नसताना टाळाटाळ केली असेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. तुमच्या आकड्यावर व्याज महिन्याला साधारण 5,200 रुपये होतं. उशिराची झळ फक्त तुम्हालाच बसते असं समजू नका.

तरी खोलीभाडं आजच द्यायचंय, हे मला कळतं. 'कोर्टात लढा' म्हणणं सोपं असतं, घरात दूध आणायला पैसे नसताना ते जमत नाही. म्हणून मधली वाट सांगते. मालकाला भरपाईची जेवढी रक्कम मान्य आहे, तेवढी तरी त्याने आधी द्यावी, बाकीचा वाद नंतर चालू दे, असं कायदाच म्हणतो. तेव्हा 2 लाख नाकारू नका. ते चेकने किंवा बँकेत घ्या, आणि पावतीवर एवढंच लिहा: 'अपघाताच्या नुकसानभरपाईपोटी अंशतः मिळाले, उर्वरित हक्क राखून.' 'पूर्ण व अंतिम' हे शब्द असतील तर सही नको. इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे आला तर घरी नेऊन कुणाकडून तरी वाचून घ्या. हॉटेलात, गाडीत, रात्री दहाला सही करायची नाही. कोऱ्या कागदावर तर नाहीच.

वॉचमनची नोकरी हा वेगळा विषय आहे, त्याचा कागदही वेगळाच असू दे. भरपाई घेऊन त्याच जागी काम करायला कुठलीही आडकाठी नाही. पण नोकरीच्या आशेवर भरपाई सोडू नका. सहा महिन्यांनी 'काम कमी आहे' म्हणून घरी बसवलं तर हातात काय उरणार?

एक प्रश्न मात्र तुमच्या पत्रात अर्धवट राहिलाय आणि त्यावर बरंच काही फिरतं. वर्कशॉपमध्ये माणसं किती? तुम्ही 'सात-आठ जण' लिहिलंय. पण शेजारची दुसरी शेड शेठच्या भावाच्या नावावर आहे आणि माणसं इकडून तिकडे जातात, असंही लिहिलंय. कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार 21,000 पर्यंत असेल, तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू होतं. मग सगळा रस्ताच बदलतो. ईएसआयचा विमेदार मालकाकडून 1923 च्या कायद्याखाली भरपाई मागू शकत नाही, त्याला जे मिळायचं ते ईएसआयकडून. काम करता येत नाही तोवर रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के, आणि कायमची हानी असेल तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम. 14,000 पगार आणि 30 टक्के हानीवर ती ढोबळमानाने पावणेचार हजारांच्या घरात जाईल. तिशीतल्या माणसाला हे एकरकमी 5 लाखांपेक्षा कमी नाही.

आणि मालकाने ईएसआय भरलंच नसेल, तरी तुमचा हक्क बुडत नाही. ईएसआय लाभ देऊन तो पैसा मालकाकडून वसूल करू शकतं. दोन नावांच्या दोन शेड ही तर भोसरी-चाकणची जुनी युक्ती आहे, तपासणाऱ्यांना ती नवीन नाही. तेव्हा ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन एकदा चौकशी करा. ज्या वाचकांच्या पगारातून ईएसआय कापलं जातं, त्यांनी मालकाने अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म 12, भरला का, एवढं सगळ्यात आधी बघावं. बरेच मालक कामगाराला खासगी दवाखान्यात नेतात आणि अपघात कागदावर येऊच देत नाहीत. मग बोर्डापुढे 'ही इजा कामावरचीच' हे दाखवता दाखवता नाकी नऊ येतात.

मुदतीची भीती नको, पण ढिलाईही नको. भरपाईचा अर्ज आयुक्तांकडे अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा, म्हणजे तुम्हाला ऑगस्ट 2027 पर्यंत. उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त माफीही देतात, पण तिच्यावर विसंबू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्यात सामावला गेला. तुमचा अपघात त्याआधीचा आहे, आणि भरपाई अपघाताच्या दिवशी असलेल्या कायद्याने मोजतात, म्हणून वरचे सगळे आकडे तुम्हाला लागू. संहितेत आयुक्तांऐवजी 'सक्षम प्राधिकारी' असा शब्द आलाय. मी जुन्या सवयीने आयुक्तच म्हणतेय.

निकाल लवकर लागेल का? कायदा तीन महिने म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, हे लपवून मी तुम्हाला अर्ज करायला लावणार नाही. तेव्हाच्या उस्मानाबादेतल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 2003 साली पहाटे पाळीवर जाताना अपघातात गेला. आयुक्तांनी त्याच्या पत्नीला भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत दिली. बावीस वर्षं! त्या बाईंमुळे कामावर जातानाच्या वाटेवरचा अपघातही, कामाशी त्याचा धागा जुळत असेल तर, भरपाईत धरला गेला. पण त्यांचं आयुष्य त्यात गेलं. तुमच्या प्रकरणात अपघात शेडमध्येच, मशीनवर झालाय आणि शेठनी बिल भरून तो एका अर्थी कबूलही केलाय, त्यामुळे इतकं ताणायचं कारण नाही. अशी प्रकरणं बऱ्याचदा पहिल्या काही तारखांतच तडजोडीला येतात. म्हणून मला वाटतं, तडजोड करा, पण ती आयुक्तांसमोर, आणि आकडा 2 लाखांपासून नाही, सव्वापाच लाखांपासून खाली येऊ दे.

मामेसासऱ्यांच्या भीतीत तथ्य नाही असं मी म्हणत नाही. भोसरीत शब्द फिरतो. पण त्यांना एक विचारा: पुढच्या वर्षी गावचा दुसरा पोरगा त्याच प्रेसवर उभा राहील, तेव्हा गार्ड बसलेलं असावं की नसावं? आणि सगळीकडे त्यांना पुढे करू नका. त्यांचा शब्द शेठकडे अडकलाय, त्यांना तिथे तोंड दाखवायचंय. बोलणी तुम्ही आणि यजमान दोघांनीच करा.

या आठवड्यात एवढं करा. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, बिलं, एक्स-रे, हाताचे फोटो, बँकेचं पासबुक एका पिशवीत ठेवा. शेठना अपघाताची लेखी सूचना रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने पाठवा, तारीख, वेळ, मशीन, इजा, पगार एवढंच, आरोप काही नको. पोचपावती जपून ठेवा. मग जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 15100 वर फोन करूनही विचारता येतं. पण या दाव्याचे अर्जदार तुम्ही नाही, तुमचे यजमान, म्हणून त्यांनाच बरोबर न्या. कामगारांना आणि दिव्यांगांनाही ही मदत आहे. गावी परतायचा विचार असेल तरी हरकत नाही, अर्ज तुम्ही राहता त्या भागातल्या आयुक्तांकडेही करता येतो. दवाखान्याच्या दारात उभं राहून 'इतके टक्के द्या, लाखो मिळवून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. भरपाईत वाटा मागायची वकिलाला मनाई आहे, आणि जो वकीलच नाही त्याचं तर बोलायलाच नको.

शेठकडे जाल तेव्हा आवाज चढवायची गरज नाही. म्हणा, "शेठ, तुम्ही दवाखान्यात धावून आलात, ते आम्ही विसरणार नाही. कागद आयुक्तांसमोर करू, तुम्हालाही पुढे त्रास नको. तारीख तुम्ही सांगा, आम्ही दोघं येतो." त्यावर ते काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.